कापलेला दीड गुण: नायट्रोजन, ऑक्सिजन आणि आयनीभवन ऊर्जेचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मी नागपुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आमच्याकडे सक्करदरा, मानेवाडा, हुडकेश्वर, दिघोरी या भागांतून मुलं येतात. बऱ्याच जणांचं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमातलं असतं. अकरावीला सायन्स घेतलं की पुस्तक इंग्रजी, पेपर इंग्रजी, उत्तरही इंग्रजीत लिहायचं. जूनपर्यंत ज्या मुलाने ‘केंद्रक’ आणि ‘कवच’ म्हटलं, त्याला दिवाळीआधी ‘न्यूक्लिअस’ आणि ‘शेल’ची स्पेलिंगं बिनचूक लिहायची असतात. या प्रकरणाचं मूळ बऱ्याच अंशी इथेच आहे, म्हणून हे आधी सांगते.

धडा मूलद्रव्यांच्या आवर्ती गुणधर्मांचा. वायुरूपातल्या एकट्या अणूमधून सगळ्यांत सैल धरलेला इलेक्ट्रॉन बाहेर काढायला जी ऊर्जा लागते, ती पहिली आयनीभवन ऊर्जा. आवर्तात, म्हणजे आवर्त सारणीच्या आडव्या ओळीत, डावीकडून उजवीकडे गेलं की ती साधारणपणे वाढते, कारण केंद्रकावरचा धनप्रभार वाढतो, पण नवा इलेक्ट्रॉन त्याच कवचात येतो. गणात, म्हणजे उभ्या रकान्यात, वरून खाली गेलं की ती कमी होते, कारण बाहेरचा इलेक्ट्रॉन लांब जातो आणि मध्ये आतल्या इलेक्ट्रॉनांचा आडोसा वाढतो. लिथिअमला ५२० किलोज्यूल प्रति मोल लागतात, सोडिअमला ४९६, पोटॅशिअमला ४१९. इथपर्यंत मुलांना अडचण येत नाही.

अडचण अपवादांपाशी येते. दुसऱ्या आवर्तात बेरिलिअम ८९९, मग बोरॉन ८०१. पुढे नायट्रोजन १४०२, मग ऑक्सिजन १३१४. वाढत जाणारी रांग दोनदा खाली येते. यासाठी मुलांकडे तयार उत्तर असतं: बेरिलिअम ‘फुल-फिल्ड’ (बाहेरचं उपकवच पूर्ण भरलेलं), नायट्रोजन ‘हाफ-फिल्ड’ (ते अर्धं भरलेलं), म्हणून ‘स्टेबल’. ट्यूशनच्या नोट्समध्ये हेच असतं आणि आमच्या नमुना उत्तरातही हेच होतं. इंग्रजीची धास्ती असलेल्या मुलाला हे दोन-तीन शब्द फार सोयीचे पडतात. स्पेलिंग पाठ केलं की गुण पक्के.

काय घडलं

दिवाळीआधीच्या घटक चाचणीत दोन गुणांचा प्रश्न होता: ऑक्सिजनची पहिली आयनीभवन ऊर्जा नायट्रोजनपेक्षा कमी का? त्याच्या पुढचा प्रश्न एका गुणाचा होता: कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि फ्लोरिन पहिल्या आयनीभवन ऊर्जेच्या चढत्या क्रमाने लिहा.

एका मुलीने पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात ‘हाफ-फिल्ड’ हा शब्द कुठेही लिहिला नव्हता. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, दोन क्रियापदं खोडून पुन्हा लिहिली होती. तिचं म्हणणं मराठीत असं होतं: नायट्रोजनमध्ये बाहेरच्या तीन ऑर्बिटलमध्ये (इलेक्ट्रॉन बसायच्या जागांमध्ये) तीन इलेक्ट्रॉन वेगवेगळे बसतात. ऑक्सिजनचा चौथा इलेक्ट्रॉन आधी बसलेल्याच्या सोबत बसतो. दोघांचाही चार्ज निगेटिव्ह, ते एकमेकांना ढकलतात, म्हणून त्यांतला एक काढायला कमी ऊर्जा पुरते. बाजूला तीन चौकोन काढून तिने त्यांत बाणही दाखवले होते.

पेपर मीच तपासले. रात्रीची वेळ होती, गठ्ठा मोठा होता आणि शेजारी नमुना उत्तराचा कागद होता. त्यावर अधोरेखित केलेला शब्द उत्तरात सापडला नाही म्हणून मी दोनपैकी अर्धा गुण दिला. आकृतीकडे माझी नजर गेली होती, हे मला आठवतं. तरी मी थांबले नाही.

पेपर वाटल्यावर दोन दिवसांनी तिचे वडील कॉलेजात आले. मोटर वाइंडिंगचं त्यांचं छोटं दुकान आहे. उन्हाळाभर कुलरच्या मोटरी आणि पंप, सीझन संपला की मिक्सर आणि पाण्याच्या मोटरी. दुकान बंद करून ते आले होते आणि बोटांना वार्निशचा वास होता. पेपर त्यांनी घडी न पाडता वर्तमानपत्रात ठेवून आणला होता.

‘मॅडम, मी मार्कासाठी नाही आलो,’ ते म्हणाले. ‘पोरगी दोन दिवसांपासून म्हणून राहिली का माझं बरोबर आहे. मले त्यातलं समजत नाही. बरोबर आहे का चूक, तेवढं सांगा. चूक असंन तर काहून चूक, ते तिले समजावून द्या.’

पहिला निर्णय: तिथल्या तिथे उत्तर द्यायचं का?

तिचं उत्तर बरोबर आहे, हे पेपर पुन्हा हातात घेताच मला कळलं होतं. तरी मी म्हणाले, ‘मी विभागात विचारून उद्या सांगते, दादा.’ मनात दोन गोष्टी होत्या. नमुना उत्तर सगळ्या विभागाचं होतं, ते एकटीने कसं मोडायचं, ही एक. दुसरी अशी की एका पेपरात गुण वाढवले तर बाकीच्या पेपरांचं काय? तिसरी गोष्टही होती, आणि ती लिहायलाच हवी: चूक माझी आहे हे समोरच्या माणसाला लगेच सांगणं मला जड गेलं.

संध्याकाळी घरी पूर्ण गठ्ठा पुन्हा काढला. सुरुवातीला मी फक्त तिच्यासारखी उत्तरं शोधत होते. आणखी तिघांनी ढकलाढकलीचं कारण लिहिलं होतं आणि तिघांचेही गुण मी कापले होते. मग सहज पुढच्या एका गुणाच्या प्रश्नाकडे नजर गेली आणि प्रकरणाचं खरं रूप तिथे दिसलं.

पहिल्या प्रश्नात पूर्ण दोन गुण मिळवलेल्या अनेक मुलांनी क्रम असा लावला होता: कार्बन, ऑक्सिजन, फ्लोरिन, नायट्रोजन. म्हणजे नायट्रोजन सगळ्यांत वर, फ्लोरिनच्याही पुढे. त्यांच्या दृष्टीने ते अगदी सुसंगत होतं. ‘हाफ-फिल्ड’ म्हणजे ‘स्टेबल’, स्टेबल म्हणजे इलेक्ट्रॉन सोडायला सगळ्यांत अवघड, मग फ्लोरिन पुढे कसा जाईल? प्रत्यक्षात कार्बन १०८६, ऑक्सिजन १३१४, नायट्रोजन १४०२ आणि फ्लोरिन १६८१. नायट्रोजन फक्त ऑक्सिजनला मागे टाकतो.

ज्या मुलीचा दीड गुण मी कापला होता, तिचा क्रम बरोबर होता. त्या तिघांपैकी दोघांचाही. ज्या उत्तराला मी पूर्ण गुण देत होते, तेच मुलांना पुढच्या ओळीत चुकवत होतं, आणि ज्यातून बरोबर क्रम लागत होता त्याचे गुण मी कापत होते.

समोरचे पर्याय

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख सरांशी बोलले. सर माझ्यापेक्षा बरेच ज्येष्ठ आणि बोर्डाचे पेपर तपासण्याचा त्यांचा अनुभव मोठा. त्यांचं पहिलं म्हणणं होतं की नमुना उत्तर तसंच ठेवावं. ‘मॅडम, बोर्डाचा परीक्षक तुमचा तास ऐकायला येत नाही. त्याच्यासमोर तुमच्यासारखाच गठ्ठा असतो. मुलांना जो शब्द लिहून गुण मिळतात, तो शब्द त्यांच्या हातून काढून घेऊ नका.’ हा मुद्दा खोटा नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला मोडक्या इंग्रजीत मोठं कारण लिहायला लावलं आणि परीक्षकाने ते नीट वाचलं नाही, तर तोटा त्या मुलाचाच.

तिच्या एकटीचे गुण गुपचूप वाढवणं सोपं होतं. वडिलांचं समाधान झालं असतं आणि गवगवाही झाला नसता. पण बाकीचे तिघे तसेच राहिले असते, आणि फ्लोरिनच्या वर नायट्रोजन बसवणाऱ्या मुलांना कळलंच नसतं की काहीतरी चुकतंय. प्रश्नच रद्द करून सगळ्यांना दोन गुण देण्याचा विचारही झाला. तो मला सगळ्यांत वाईट वाटला, कारण त्यात बरोबर विचार आणि पाठ केलेला शब्द यांत फरकच उरत नव्हता.

उरला एक मार्ग: नमुना उत्तर बदलायचं, सगळे पेपर पुन्हा तपासायचे आणि धडा पुन्हा घ्यायचा. त्याला दोन-तीन तास जाणार होते, आणि दिवाळीआधी अभ्यासक्रम आधीच मागे होता.

सरांशी बोलताना एक गोष्ट घडली, ती इथे थोडी सविस्तर सांगते. ते म्हणाले, ‘हाफ-फिल्ड चूक कसं? विनिमय ऊर्जा धरा की.’ मी म्हटलं, मग मोजूनच बघू या. त्यांनी जुन्या हजेरीपटाच्या मागच्या पानावर चौकोन काढायला घेतले. विनिमय ऊर्जा म्हणजे एकाच दिशेने फिरकी (स्पिन) असलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांमुळे मिळणारं जास्तीचं स्थैर्य. म्हणून तशा जोड्या मोजायच्या, आणि एक इलेक्ट्रॉन काढल्यावर किती जोड्या तुटतात ते लिहायचं. बोरॉनमध्ये एकही तुटत नाही. कार्बनमध्ये एक तुटते. नायट्रोजनमध्ये तिनाच्या एक उरते, म्हणजे दोन तुटतात. ऑक्सिजनमधला चौथा इलेक्ट्रॉन उलट फिरकीचा आणि एकटा, त्याच्या जाण्याने काहीच तुटत नाही. फ्लोरिनमध्ये एक, निऑनमध्ये दोन.

शून्य, एक, दोन. पुन्हा शून्य, एक, दोन.

सरांनी पेन खाली ठेवलं. ‘म्हणजे नायट्रोजन एकटा शहाणा नाही,’ ते म्हणाले, ‘दोन जिने आहेत.’ केंद्रकाचा प्रभार प्रत्येक पायरीला वाढतोच, आणि ऑक्सिजनपाशी दुसरा जिना खालच्या पातळीवरून सुरू होतो. ढकलाढकलीचं कारण धरा किंवा विनिमय ऊर्जेचं, नीट मोजलं की दोन्ही एकाच ठिकाणी पोचतात. अडचण ‘हाफ-फिल्ड’ या शब्दात नव्हतीच. मोजणी न करता तो शब्द बिल्ल्यासारखा छातीवर लावण्यात होती.

आम्ही ठरवलं: दोन्ही कारणांना पूर्ण गुण, मात्र इलेक्ट्रॉन कुठे बसले आहेत ते आकृतीने किंवा वाक्याने दाखवलेलं असलं पाहिजे. नुसत्या ‘हाफ-फिल्ड’ला एक गुण. ज्यांना आधीच पूर्ण गुण दिले होते त्यांचे कापायचे नाहीत. नियम आमचा होता, आम्हीच बदलला, त्याची भरपाई मुलांनी का करावी?

काय केलं

वर्गात सगळ्यांत आधी सांगितलं की चार पेपर मी चुकीचे तपासले. मग आलेख.

फळ्यावर मी आलेख काढला नाही, ही या प्रकरणातली मला सगळ्यांत बरोबर वाटणारी गोष्ट. प्रत्येकाला आलेख कागद दिला आणि लिथिअमपासून निऑनपर्यंतचे आकडे: ५२०, ८९९, ८०१, १०८६, १४०२, १३१४, १६८१, २०८१. बिंदू टाका, म्हटलं. मग बोरॉन, कार्बन आणि नायट्रोजनवरून पट्टी ठेवा आणि रेघ तुटक-तुटक पुढे न्या.

बोरॉन ते कार्बन २८५ ची वाढ, कार्बन ते नायट्रोजन ३१६ ची. बिंदू जवळपास एका रेषेत येतात. पट्टी पुढे सरकवली की ऑक्सिजन सतराशेच्या आसपास यायला हवा. तो १३१४ वर, चारशेच्या जवळपास खाली.

‘ऑक्सिजन पडला,’ मागच्या बाकावरून एक पोट्टा म्हणाला.

‘फक्त ऑक्सिजन?’

थोडा वेळ पट्ट्यांचा आवाज. मग पुढच्या रांगेतल्या एका मुलीने पट्टी न उचलता सांगितलं, ‘मॅडम, फ्लोरिन पण खालीच आहे. निऑन पण.’

सगळा धडा याच वाक्यात होता. नायट्रोजनला खास स्थैर्य असतं, तर एकटा नायट्रोजनचा बिंदू उंचावलेला दिसला असता आणि त्याच्या अलीकडचे-पलीकडचे बिंदू एकाच रेषेत आले असते. तसं दिसत नाही. पहिले तिघे एका रेषेवर आहेत, पुढचे तिघे खालच्या रेषेवर. नायट्रोजन आपल्या रेषेवरच आहे, आणि ऑक्सिजनपासून पुढे प्रत्येक नवा इलेक्ट्रॉन कुणाच्या तरी खोलीत, म्हणजे ऑर्बिटलमध्ये, दुसरा म्हणून राहायला येतो. पुढच्या तासाला तिसरं आवर्त त्यांनीच काढलं: अॅल्युमिनिअम ५७८, सिलिकॉन ७८६, फॉस्फरस १०१२, आणि मग सल्फर १०००, क्लोरिन १२५१, आर्गॉन १५२०. पुन्हा दोन जिने.

इथे एका मुलाने जो प्रश्न विचारला त्याची मी तयारी केली नव्हती. ‘नायट्रोजन-ऑक्सिजनमध्ये ८८ चा फरक, फॉस्फरस-सल्फरमध्ये बाराचाच. काहून?’ पाठ केलेल्या शब्दाकडे याचं उत्तर नाही. फॉस्फरसही ‘हाफ-फिल्ड’च आहे. ढकलाढकलीकडे आहे: सल्फरचे बाहेरचे ऑर्बिटल मोठे, ऐसपैस. एका खोलीत दोघं राहिले तरी अंतर जास्त, म्हणून ढकलणं सौम्य. आर्सेनिक-सेलेनिअममध्ये हा फरक तीन-चारावर येतो. अँटिमनी आणि टेल्युरिअमपाशी अपवादच संपतो: अँटिमनी सुमारे ८३१, टेल्युरिअम ८६९. बिस्मथ-पोलोनिअमचंही तसंच, ७०३ आणि ८१२. इतक्या जड अणूंमध्ये आणखी कारणं मिसळतात, ती अकरावीच्या पलीकडची आहेत, हेही मी सांगितलं. पण ‘हाफ-फिल्ड म्हणजे नेहमी जास्त’ हे वाक्य त्या दिवशी वर्गात उभं राहू शकलं नाही.

आकडा बरोबर आणि त्याचा अर्थ चुकीचा, हे कुणाच्याही बाबतीत घडू शकतं, म्हणून मी त्यांना फ्रँक आणि हर्ट्झ यांची गोष्ट सांगितली. १९१४ साली त्यांनी पाऱ्याच्या वाफेतून इलेक्ट्रॉन सोडले आणि ४.९ व्होल्टपाशी ते आपली ऊर्जा गमावतात हे मोजलं. मोजमाप अचूक होतं. पण ती पाऱ्याची आयनीभवन ऊर्जा आहे असं त्यांनी मानलं. नंतर स्पष्ट झालं की तेवढ्या ऊर्जेने अणूतला इलेक्ट्रॉन फक्त वरच्या पातळीवर चढतो, बाहेर पडत नाही. बाहेर पडायला पाऱ्याला १०.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट (एका अणूच्या मापाचं ऊर्जेचं एकक) लागतात. त्याच प्रयोगासाठी त्यांना १९२५ सालचं नोबेल मिळालं. मुलीच्या वडिलांच्या दुकानात एक जुना पिवळा सोडिअम दिवा पडून होता, तो तिने दुसऱ्या दिवशी रद्दी कागदात गुंडाळून आणला. पेटवता आला नाही, पण हातोहात फिरला. तो पिवळा उजेड सोडिअमच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनने वर चढून परत खाली येताना दिलेला, २.१ इलेक्ट्रॉनव्होल्टचा. त्याला पार बाहेर काढायला ५.१४ लागतात. चढणं आणि सुटणं यांतला फरक त्या दिव्याने माझ्या दोन वर्षांच्या व्याख्यांपेक्षा नीट समजावला.

परिणाम

गुण वाढले ते चौघांचे. तिला दोनपैकी दोन.

डिसेंबरमधल्या चाचणीत मी मुद्दाम वेगळे प्रश्न घातले. एक दुसऱ्या आयनीभवन ऊर्जेचा: नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन यांत दुसरा इलेक्ट्रॉन काढायला सगळ्यांत जास्त ऊर्जा कुणाला लागेल? एक इलेक्ट्रॉन गेल्यावर ऑक्सिजनकडे तीन खोल्यांत तीन उरतात, म्हणून त्याचे ३३८८, फ्लोरिनचे ३३७४ आणि नायट्रोजनचे २८५६. बऱ्याच मुलांनी आधी आयनाची आकृती काढली, मग उत्तर लिहिलं. दिवाळीआधी हेच पोट्टे आकृतीच्या वाटेला जात नव्हते. सोडिअमची दुसरी ऊर्जा ४५६२ आणि मॅग्नेशिअमची अवघी १४५१ का, हेही बहुतेकांनी नीट लिहिलं: सोडिअमचा दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या भरलेल्या कवचातून उपटावा लागतो.

पण एक गोष्ट बिनसली. बोरॉनची ऊर्जा बेरिलिअमपेक्षा कमी का, या प्रश्नाला बऱ्याच जणांनी उत्तर दिलं, ‘इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात म्हणून.’ बोरॉनच्या २पी (दुसऱ्या कवचातल्या पी प्रकारच्या) ऑर्बिटलमध्ये एकच इलेक्ट्रॉन आहे, खोलीत जोडीदारच नाही. तिथलं कारण वेगळं आहे. बेरिलिअममधून २एस इलेक्ट्रॉन काढावा लागतो, आणि एस ऑर्बिटलमधला इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या अगदी जवळही सापडतो, त्याच्यावर ओढ जास्त. बोरॉनचा २पी इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर, केंद्रकाजवळ कमी फिरकणारा, आणि मध्ये २एस जोडीचा आडोसा. म्हणून तो सैल. आम्ही एक पाठ केलेला शब्द काढला आणि काही मुलांनी त्याच्या जागी दुसरा बसवला. दोष मुलांचा नाही. नायट्रोजन-ऑक्सिजनवर मी दोन तास घालवले आणि बेरिलिअम-बोरॉन पाच मिनिटांत उरकलं होतं.

बोर्डासाठी काय लिहायचं यावर सरांची आणि माझी तडजोड झाली. पहिल्या वाक्यात ‘हाफ-फिल्ड’, दुसऱ्या वाक्यात इलेक्ट्रॉन कुठे बसलेत आणि त्याने काय होतं. परीक्षकाला शब्द मिळतो, मुलाला कारण. मला ही तडजोड पूर्ण पटलेली नाही, पण गुण मुलांचे आहेत, माझे नाहीत, म्हणून मी ती वर्गात सांगते.

काय वेगळं करता आलं असतं

आता हा धडा घेताना अपवादाचं कारण विचारण्याआधी मी एकच प्रश्न विचारते: कोणता इलेक्ट्रॉन बाहेर चाललाय? तो कुठे बसला होता, केंद्रकापासून किती लांब, मध्ये आडोसा किती, सोबत कोण? हे मराठीत बोलून झालं की मग इंग्रजी वाक्य. हा क्रम त्या वर्षी उलटा होता. आडोसा, ओढ, ढकलाढकल हे शब्द मी आलेखाच्या तासाला पहिल्यांदा वापरले आणि त्याच तासाला मुलांनी इतके प्रश्न विचारले. पहिल्या दिवसापासून वापरायला हवे होते.

बेरिलिअम-बोरॉन आणि नायट्रोजन-ऑक्सिजन एका दमात ‘दोन अपवाद’ म्हणून शिकवणं मी बंद केलं आहे. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, एकत्र सांगितली की एकाचं कारण दुसऱ्याला चिकटतं. मध्ये निदान एक दिवस जाऊ देते.

चाचणीत क्रम लावण्याचा प्रश्न आम्ही आता कारणाच्या प्रश्नाला जोडूनच ठेवतो, आणि तपासताना दोन्ही एकत्र बघतो. कारण लिहिणाऱ्याने फ्लोरिन कुठे ठेवलाय ते पाहिलं, की त्याला ते कारण कितपत कळलंय ते लगेच दिसतं. त्या रात्री गठ्ठा प्रश्नाप्रश्नाने न तपासता मुलामुलाने तपासला असता, तर हे मला वडील येण्याआधीच दिसलं असतं.

आणि त्या दुपारी ‘उद्या सांगते’ म्हणायची गरज नव्हती. उत्तर बरोबर आहे हे मला माहीत होतं. नमुना उत्तर, बाकीचे पेपर, विभाग, हे सगळं माझ्या बाजूचं काम होतं. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाशी त्याचा संबंध नव्हता. ‘बरोबर आहे, माझ्याकडून तपासताना चुकलं, गुणांचं मी बघते,’ एवढं मी तिथेच उभ्या उभ्या सांगू शकले असते. दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा मागे मोटरीचा आवाज चालू होता. ‘थांबा मॅडम, मशीन बंद करतो,’ ते म्हणाले. आवाज थांबला, आणि मी म्हणाले, ‘दादा, तिचं बरोबर आहे.’ पलीकडून लगेच काही आलं नाही. मग ते म्हणाले, ‘तिलेच सांगा न मॅडम, बाजूलेच बसली आहे,’ आणि त्यांनी फोन तिच्याकडे दिला.